मिरचीचे माहेर

श्रोतेहो, इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया आणि तह एवढेच बहुधा आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु आपल्या घरातील पाट्यावरवंट्यालाही इतिहास असतो, आणि तो कित्येकदा राजवाड्याच्या इतिहासापेक्षा लांबचा प्रवास करून आलेला असतो. याची आठवण मला परवा एका लहान मुलीने करून दिली.

आमच्या बालाघाटात शाळेचे शिक्षण हिंदीतून चालते. घरात मात्र मराठी बोलणारी कुटुंबे आजही आहेत. अशाच एका शेजारच्या घरातील ही मुलगी संध्याकाळी माझ्याकडे मराठी वाचावयास येते. त्या दिवशी आम्ही संत सावता माळी यांच्याविषयी वाचीत होतो. आपल्या मळ्यातील भाजीपाल्यातच विठ्ठल पाहणाऱ्या या संताचा सुप्रसिद्ध अभंग तिच्या आजीला पाठ आहे. त्या अभंगात कांदा आणि मुळा आहे, लसूण आणि कोथिंबीर आहे, आणि त्यांच्या पंक्तीला मिरचीही बसलेली आहे. मुलीने पुस्तक मिटले आणि विचारले, "बाई, मिरची अमेरिकेतून आली असे तुम्हीच सांगितले होते ना? मग सावता महाराजांच्या मळ्यात ती कशी?"

प्रश्न बिनतोड होता. सोलापूर जिल्ह्यातील अरण येथे सावता महाराजांनी देह ठेवला तो शके १२१७ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९५ मध्ये, असे परंपरा सांगते. कोलंबसाने अमेरिकेच्या बेटांवर पाऊल ठेवले १४९२ मध्ये. मधे जवळजवळ दोनशे वर्षांचे अंतर आहे. ज्ञानदेवांच्या काळी महाराष्ट्रातील एकाही माणसाने मिरचीचे झुडूप पाहिलेले नव्हते. मग अभंगात ती आली कोठून? या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी मला त्या मुलीला फार दूर न्यावे लागले. आज आपणांसही थोडे दूर यावयाचे आहे.

मिरची येण्यापूर्वी आपले पूर्वज सपक जेवीत होते असे मात्र कोणी समजू नये. जिभेला चटका देण्यासाठी त्यांच्यापाशी मिरे होते, पिंपळी होती, आले आणि सुंठ होती, मोहरी होती. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर याने बाराव्या शतकात सिद्ध केलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात नाना प्रकारच्या पक्वान्नांची वर्णने आली आहेत. त्यांत मिरे आहे, आले आहे, हिंग आहे, पण मिरचीचे नाव नाही. पुढे १५९० च्या सुमारास अबुल फज्ल याने 'ऐन-इ-अकबरी'त बादशाही मुदपाकखान्यातील पदार्थ आणि त्यांचे जिन्नस वजनांसह नोंदवून ठेवले. तेथेही तिखटपणाची कामगिरी मिऱ्याकडेच आहे. म्हणजे अकबराच्या ताटापर्यंत मिरची तोवर पोहोचलेली नव्हती.

आता नावाची गंमत पाहा. संस्कृतातील 'मरीच' म्हणजे मिरे. त्यावरूनच आपला 'मिरची' हा शब्द तयार झाला. नवे फळ आले. ते मिऱ्यासारखे झोंबले. म्हणून त्याला मिऱ्याचेच नाव मिळाले. इकडे आपल्या 'पिप्पली' शब्दाने ग्रीक आणि लॅटिन भाषांतून प्रवास करीत इंग्रजीतील 'पेपर' हे रूप घेतले होते. कोलंबस निघाला होता तो याच मिऱ्याच्या शोधात. हिंदुस्थानचा रस्ता शोधता शोधता तो भलत्याच भूमीला लागला आणि तेथील लोक एका लाल फळाने आपले अन्न चविष्ट करताना त्याला दिसले. ते लोक त्या फळाला 'अही' म्हणत. १५ जानेवारी १४९३ च्या आपल्या रोजनिशीत त्याने लिहून ठेवले की, हेच या लोकांचे मिरे असून ते आपल्या मिऱ्याहून सरस आहे. अशा रीतीने त्याने मिरचीला मिरे म्हटले आणि आपणही तेच केले. दोन खंडांतील माणसांची जीभ एकाच ठिकाणी चुकली!

मिरचीचे खरे माहेर अमेरिका खंडात आहे. मेक्सिकोतील लोक निदान सहा हजार वर्षांपूर्वीपासून ती लावीत आले आहेत. जगात मिरचीच्या पाच जाती माणसाने लागवडीखाली आणल्या. आपल्या शेतांत आणि अंगणांत दिसते ती बहुतांशी त्यांपैकी एकाच जातीची संतती होय.

या माहेराहून ती आपल्याकडे आली ती पोर्तुगीजांच्या गलबतांतून. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला. १५१० मध्ये आल्बुकर्कने गोवा घेतला. ब्राझीलमधील पेर्नांबुकोहून पोर्तुगीजांनी मिरची गोव्यात नेली असे क्लुसियस या युरोपीय वनस्पतिशास्त्रज्ञाने नमूद केले आहे. मुंबईकडे तिला एके काळी 'गोवाई मिरची' म्हणत. पाहुणी कोणत्या दाराने आली हे त्या नावातच सांगितलेले आहे. आणि पाहुणी इतक्या लवकर घरची झाली की, १५४२ मध्ये लिओनहार्ट फुक्स या जर्मन पंडिताने वनस्पतींवरील आपल्या ग्रंथात मिरचीला चक्क 'कालिकतचे मिरे' म्हणून टाकले. कोलंबसानंतर पन्नासच वर्षांत युरोपातील विद्वानालाही तिचे माहेर हिंदुस्थान वाटावे, यापरते आश्चर्य कोणते?

ही जादू कशी घडली? त्याचे उत्तर राजदरबारात नाही, परसात आहे. मिऱ्याचा वेल मलबारच्या दमट हवेचा लाडका. लावल्यापासून फळ धरावयास त्याला तीन-चार वर्षे हवीत. म्हणून मिरे महाग, आणि ते विकत घेणाराच्या घरी जावयाचे. मिरचीचे तसे नाही. एका फळात पन्नासांवर बिया. लावल्यावर अडीच-तीन महिन्यांत तोडणी. काळी जमीन असो, लाल असो, किंवा फुटकी घागर असो, ती तक्रार करीत नाही. ज्याच्या घरी मिऱ्याचा दाणा कधी आला नसता, त्याच्या भाकरीवर मिरची येऊन बसली. गरिबाच्या अन्नाला चव देणारे हे तिखट होते. ते परसात पिकत होते आणि त्यासाठी बाजाराची वाट धरावी लागत नव्हती.

अठराव्या शतकात मराठी फौजांच्या पाठोपाठ मिरची उत्तरेकडे सरकली असे काही इतिहासकार मानतात. आमचा हा मुलूख त्या काळी नागपूरकर भोसल्यांच्या अमलाखाली होता. पुढे १८६७ मध्ये भंडारा, मंडला आणि सिवनी या जिल्ह्यांचे भाग एकत्र करून बालाघाट जिल्हा झाला आणि १९५६ च्या पुनर्रचनेनंतर तो मध्य प्रदेशातच राहिला. वैनगंगेच्या काठचे हे धानाचे गाव. येथील मुख्य अन्न भात. बैहरच्या पठारावरील गोंड आणि बैगा कोदो-कुटकीची पेज पितात. भात असो की पेज, दोन्ही शांत स्वभावाची अन्ने. त्यांना जाग आणावयाची ती चटणीने. भाजीपाला पिकविण्यात पिढ्यानुपिढ्या मुरलेल्या येथील मरार समाजाच्या वाफ्यांत मिरचीला कायमची जागा आहे, आणि शेजारच्या नागपूर जिल्ह्यातील भिवापुरी मिरचीला तर आता भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

पण मिरची आपल्या घरात किती खोल शिरली आहे याचा सर्वांत मोठा पुरावा मला उपवासाच्या फराळात सापडतो. मी ख्रिस्ती असल्यामुळे माझे उपवास निराळे. परंतु एकादशीला शेजारच्या मावशींकडून साबूदाण्याच्या उसळीची वाटी न चुकता माझ्या घरी येते. ती वाटी हातात घेऊन पाहावी. साबूदाणा ज्या कंदापासून करतात तो अमेरिकेचा, शेंगदाणा अमेरिकेचा, बटाटा अमेरिकेचा, आणि हिरवी मिरचीही अमेरिकेचीच! उपवासाला हळद चालत नाही, हिंग चालत नाही. ती तर आपली फार जुनी ओळखीची माणसे. पण चारशे-पाचशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून आलेली मिरची चालते. दृष्ट काढावयाची तर मीठमोहऱ्यांबरोबर मिरच्या लागतात. दारावर लिंबाबरोबर तीच टांगलेली असते. देवाच्या आणि दारिद्र्याच्या, दोहोंच्या पंक्तीला बसण्याचा मान असा क्वचितच कोणा पाहुण्याला मिळतो.

आता या घरच्या झालेल्या पाहुणीची काही शास्त्रीय ओळख करून घेऊ. मिरचीतील झोंबणाऱ्या द्रव्याला कॅप्सायसिन म्हणतात. ते बियांत असते अशी आपली समजूत आहे. वस्तुतः बिया ज्या पांढऱ्या गाभ्याला चिकटलेल्या असतात त्या गाभ्यात ते तयार होते. तिखटपणा कमी हवा असेल तर तो गाभा काढावा. हे द्रव्य पाण्यात विरघळत नाही, तेला-तुपात विरघळते. म्हणून तोंड भाजल्यास पाण्याचे घोट घेणे व्यर्थ. दही, ताक किंवा दूध घ्यावे. मिरच्या चिरून हात झोंबू लागले तर आधी तेल चोळावे, मग साबणाने धुवावेत. मिरचीने तोंड खरोखर भाजत नाही. उष्णता ओळखणारी जी यंत्रणा आपल्या मज्जातंतूंत आहे तिलाच हे द्रव्य फसविते. त्या यंत्रणेचा शोध लावणारे डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पक्ष्यांना हा तिखटपणा जाणवत नाही. त्यामुळे पक्षी पिकलेली मिरची खुशाल खातात आणि बी दूरवर टाकून येतात.

ओल्या मिरचीचा आणखी एक गुण आहे. हंगेरीतील शास्त्रज्ञ सेंट-ग्यॉर्गी यांना क जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणावर हवे होते, ते त्यांना सापडले तेथील गोड लाल मिरचीत. १९३७ चे नोबेल पारितोषिक ज्या कार्यासाठी त्यांना मिळाले त्यात या शोधाचा मोठा वाटा होता. आपल्या हिरव्या मिरचीतही हे जीवनसत्त्व विपुल आहे. मिरची वाळविली की त्यातील बरेचसे नाहीसे होते. म्हणून वर्षाचे लाल तिखट डब्यात असले तरी दारात ओल्या मिरचीचे एक झाड असणे ही चैन नव्हे, गरज आहे.

ते झाड लावणेही अवघड नाही. मे महिन्याच्या शेवटास किंवा जूनच्या आरंभी एका पसरट भांड्यात माती, वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळून बी अर्धा सेंटिमीटर खोल पेरावे. आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात. रोप चार-पाच आठवड्यांचे आणि वीतभर झाले की पावसाची उघडीप पाहून संध्याकाळी लावावे. दोन रोपांत दीड ते दोन फूट अंतर ठेवावे. कुंडीत लावावयाचे तर कुंडी फूटभर रुंदीची आणि बुडाला भोके असलेली हवी. आमच्याकडे पाऊस दांडगा, आणि मिरचीला साचलेले पाणी अगदी सोसत नाही, मुळे कुजतात. म्हणून वाफा उंच करावा. उन्हाळ्यात पारा पस्तिशीच्या फार पुढे गेला की फुले गळू लागतात. त्या दिवसांत दुपारच्या उन्हाला आडोसा द्यावा आणि फळाची घाई करू नये. पाने वळून बोकडाच्या कानासारखी होऊ लागली तर 'बोकड्या' रोग आला असे समजावे; तो पांढऱ्या माशीमुळे पसरतो. फुलकिडे आणि कोळी यांच्यामुळेही पाने चुरडतात. आरंभीच निंबोळीचा अर्क फवारावा, आणि फार बिघडलेले रोप उपटून टाकावे. हिरव्या मिरच्या वेळच्या वेळी तोडीत गेले म्हणजे झाड पुनःपुन्हा फुलते.

अशी ताजी तोडलेली मिरची हाताशी असली की ठेचा करावयास दहा मिनिटे पुरतात. देठ काढून मिरच्या तव्यावर थोड्या तेलात डाग पडेपर्यंत भाजाव्यात; लसणाच्या पाकळ्या आणि मूठभर शेंगदाणे त्यांच्याबरोबरच परतावेत; मीठ आणि सांबार घालून खलबत्त्यात जाडसर कुटावे. सांबार म्हणजे कोथिंबीर. विदर्भात आणि आमच्या भागात तिचे हेच नाव. गंधासारखे बारीक वाटले तर तो ठेचा राहत नाही. जाड, कमी तिखट मिरच्या मिळाल्या तर चीर देऊन त्यांत धणे, मेथी, हिंग आणि मीठ यांचे वाटण भरावे, दह्यात मुरवाव्यात आणि कडक उन्हात वाळवाव्यात. या सांडग्या मिरच्या पावसाळ्यात तळल्या म्हणजे दहीभातालाही मेजवानीचे रूप येते.

श्रोतेहो, आता मी माझ्याच घरातील एक गोष्ट सांगते. माझे माहेर वसईचे. वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीजांकडे होती. चिमाजी अप्पांनी ती जिंकली हे आपणांस ठाऊकच आहे. तेथील ख्रिस्ती लोकांच्या वाड्या, वाडीतील केळी आणि भाजीपाला प्रसिद्ध आहे. लग्न होऊन मी वीस वर्षांपूर्वी बालाघाटला निघाले, तेव्हा माझ्या आजीने आपल्या वाडीतील मिरचीचे बी रुमालाच्या टोकाला गाठ मारून दिले. बोटभर लांबीची, बाकदार, सुवासाला गोड आणि चवीला खरपूस तिखट अशी ती मिरची. इकडे घरामागच्या भाजीच्या तुकड्याला 'बाडी' म्हणतात. आमची वाडी आणि इकडची बाडी यांत एका अक्षराचा काय तो फरक! बी रुजले. मी रोपे शेजारी वाटली. लोक तिला 'बाईंची मिरची' म्हणू लागले.

एका वर्षी मात्र माझ्याकडून चूक झाली. परीक्षांच्या गडबडीत बियांसाठी लाल फळे राखून ठेवण्याचे राहिले, आणि पुढच्या पावसाळ्यात झाडे पाण्याखाली जाऊन मेली. मी वसईला फोन केला. आजी तोवर गेली होती आणि वाडीच्या जागी इमारत उभी होती. भावाने बाजारातून बियांचे पाकीट पाठविले. पण ते संकरित बी, त्याचे फळ निराळे. चार पिढ्या जपलेली वस्तू माझ्या हातून एका वर्षात गेली, या विचाराने मला रात्री झोप येईना.

आठ दिवसांनी शेजारच्या मावशी कुंपणापाशी आल्या. त्यांच्या हातात कागदाची पुडी होती. तीत राखेत घोळलेले बी. त्या म्हणाल्या, "बाई, आमची मिरची यंदा बरी आली होती. तुमच्याकडचं गेलं म्हणून ऐकलं. हे घ्या, पेरा." त्यांनी 'आमची मिरची' म्हटले, आणि त्यात काही चुकलेले नव्हते. दहा वर्षे त्यांनी ती पेरली, निरोगी झाडाची फळे राखली, सावलीत वाळविली, बी जपले. ती त्यांची नव्हे तर कोणाची?

अभंगाविषयी विचारणारी मुलगी ही त्याच मावशींची नात. मी तिला सांगितले, "बाळ, अभंग पिढ्यानुपिढ्या तोंडी चालत आले. सावता महाराजांच्या काळी 'मिरची' म्हणून कोणी मिऱ्यालाच ओळखत असेल. नाहीतर पुढच्या काळातील एखाद्या माळ्याने अभंग म्हणताना आपल्या वाफ्याकडे पाहिले असेल. लसूण आहे, कोथिंबीर आहे, आणि त्यांच्या शेजारी मिरचीही डोलते आहे. तिला वगळून विठ्ठल पुरा कसा होणार?" इतिहासाच्या दृष्टीने हा कालविपर्यास खरा, परंतु मला तो मिरचीचा गृहप्रवेश वाटतो. ज्या दिवशी ती अभंगात आली त्या दिवशी ती आपली झाली.

मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे कुठून आली ते महत्त्वाचं नाही?" मी म्हटले, "महत्त्वाचे आहे. माहेर विसरू नये. पण बी कोण जपतो, हे त्याहून महत्त्वाचे आहे."

श्रोतेहो, वस्तू आपली होते ती जन्माच्या दाखल्याने होत नाही. पेरल्याने, राखल्याने आणि वाटल्याने होते. आपल्या परसात एखादी जुनी, घरची मिरची अजून उभी असेल, तर यंदा तिची चार फळे लाल होऊ द्या. त्यांचे बी काढा, राखेत घोळून पुडीत बांधा, आणि अर्धे शेजारी द्या. आपल्याकडचे गेले तर ते तेथे सापडेल.